विलीनीकरणाची तारीख

"विलीनीकरण कोणत्या तारखेला झालं?" फोनवरच्या बाईनं विचारलं, आणि मयुरी पटकन बोलून गेली, "आखाजीला." बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कुठल्या तरी लांबच्या शहरात गार खोलीत बसलेल्या त्या बाईला आखाजी म्हणजे काय डोंबल कळणार! म्हणून मयुरीनं सावरायला जाऊन आणखी घोळ घातला, अक्षय्य तृतीया म्हणून सांगितलं, वर सालही सांगितलं. पलीकडे टकटक झाली. बाईनं कॅलेंडर काढलं असावं. मग ती गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे अठरा एप्रिल. नोंद केली मॅडम. आता त्या तारखेचा करारनामा किंवा कोर्टाचा हुकूम, जे असेल ते पाठवा." फोन बंद झाला. धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मयुरी हातात फोन धरून उभी राहिली. समोरच्या कपाटात यंत्रांचे हिरवे दिवे लुकलुकत होते, खाली रस्त्यावर कुणीतरी उसाच्या रसाचा चरक फिरवत होतं, त्याचे घुंगरू वाजत होते. सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिच्या जिभेखाली लोखंडाची चव आली होती. अठरा एप्रिल ही तिच्या लग्नाची तारीख होती. कंपन्यांच्या विलीनीकरणाची तारीख अशी कुठलीच नव्हती, कारण विलीनीकरण कधी झालंच नव्हतं.

आता त्या बाईचं ऑफिस ज्यांचा हिशेब ठेवतं ते इंटरनेटचे पत्ते म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकलेलं बरं. इंटरनेटवर जायचं तर घराला असतो तसा आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात केव्हाच संपले. नव्या पद्धतीचे ढिगानं आहेत, पण अर्ध्या बँका, दवाखाने अजून जुन्यालाच ओळखतात. मयुरीच्या वडिलांनी, तोताराम नानांनी, जळगावात केबलच्या धंद्यातून इंटरनेटच्या धंद्यात उडी मारली तेव्हा हे पत्ते मागितले की मिळायचे. नानांनी हजारभर पत्त्यांचा एक गठ्ठा मागून ठेवला, कंपनीच्या नावावर. पत्ते विकत मिळत नाहीत, वापरायला मिळतात. ज्याच्या नावावर आहेत ती कंपनी दुसरीत विलीन झाली, तर पत्तेही तिच्यामागून जातात. पण विलीन झाल्याचा कायद्याचा कागद दाखवावा लागतो. तो नसेल आणि कंपनीही उरली नसेल, तर गठ्ठा परत. नियम एवढासाच. मयुरीनं तो कॉलेजात असताना वाचला होता, परीक्षेत त्यावर चार ओळी लिहिल्याही होत्या. आपण स्वतः कधी त्या नियमाच्या दाढेखाली येऊ, असं विसाव्या वर्षी कुणाला वाटतं?

आणि विलीनीकरण झालं नव्हतं असं तरी कसं म्हणावं! अख्ख्या खान्देशाला ठाऊक होतं. तिच्या साखरपुड्याला जळगावच्या हॉलमध्ये तिच्या सासऱ्यांनी, झुलाल आबांनी, नानांना शाल पांघरली होती, नारळ दिला होता, आणि माईक हातात घेऊन म्हटलं होतं की आजपासून जळगाव आणि धुळे एक, दोन घरं एक, दोन धंदे एक. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्हीकडचे केबलवाले उठून एकमेकांना भेटले. पाटावर बसलेल्या मयुरीला त्या वेळी छातीत काहीतरी हललेलं आठवत होतं, आनंद नव्हे, आनंदासारखं. तिला वाटलं होतं की आपल्याबद्दल बोलताहेत की यंत्रांबद्दल? मग मावशीनं तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि ते राहून गेलं. लग्नानंतर जळगावची यंत्रं धुळ्याच्या माणसांनी सांभाळायला घेतली, गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर धुळ्याचं नाव आलं, भडगावपासून दोंडाईच्यापर्यंत सगळी तार एका हाती आली. मयुरी त्या ऑफिसात बसू लागली. कामाला तिचा हात बसला, लोक तिला इंजिनियर वहिनी म्हणू लागले. कागद करायचा राहिला असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. व्याह्याव्याह्यांत कागद? लोक तोंडात शेण घालतील. नानांनी तर कहरच केला. मुलीला दिलेल्या वस्तूकडे बापानं वळून पाहू नये म्हणतात, ते त्यांनी अक्षरशः पाळलं. कंपनीच्या नावानं सरकारी पाकिटं येत राहिली, विवरणपत्रं भरा, नाहीतर नाव काढू, आणि नाना ओट्यावर उभं राहून पोस्टमनला सांगत राहिले, "ती कंपनी इथं नाही रे भाऊ आता. धुळ्याला गेली, सासरी." पोस्टमन हसायचा, पाकीट परत न्यायचा. आई ते प्रत्येक दिवाळीला हसून हसून सांगायची, मयुरीही हसायची. सरकारनं मात्र एक दिवस कंपनीचं नाव खरोखरच काढून टाकलं. कंपनी मेली, आणि मेल्याचं त्या फोनपर्यंत कुणाला कळलं नाही.

त्या फोनपासून मयुरीच्या मागे एक विचित्र भीती लागली. पैशाची नव्हती, नोकरीची नव्हती. ऑफिसच्या पडद्यावर एकेका गिऱ्हाइकाचं नाव आणि त्यासमोर त्याचा पत्ता दिसायचा. देवपुरातला बाळंतपणाचा दवाखाना. पतपेढी. आग्रा रोडवरचं कापडाचं दुकान. भडगावची शाळा. आणि ते सगळे पत्ते मेलेल्या नावावर होते. मेलेल्या माणसाच्या घरात बिऱ्हाड करून राहावं, चूल पेटवावी, पाहुणेरावळे करावेत, आणि घर कुणाचंच नाही हे फक्त आपल्यालाच ठाऊक असावं, तसं तिला व्हायचं. रस्त्यानं जाताना ओळखीचे लोक हात करायचे. "वहिनी, नेट मस्त चालू शे बरं!" ती हसायची. घरी पोळ्या लाटताना तिचा हात थांबायचा. कुठंतरी गार खोलीत बसलेल्या त्या बाईनं बोट दाबलं की सगळं बंद, असं काही नसतं हे तिला कळत होतं; मुदत मिळते, पत्रं येतात, बोलणी होतात. पण भीतीला कुठं कळतं? ती आपली पोटात बसून राहायची. आणि त्या भीतीच्या पोटात दुसरी, तिला तोंडावर आणता न येणारी भीती होती. कंपनीचं सासर तर खोटं निघालं. मग आपलं? हा विचार आला की मयुरी स्वतःलाच रागवायची. चल, काहीही! सात वर्षं झाली, पोर झाली, अजून काय पुरावा पाहिजे बाई तुला?

आबांना सांगणं भागच होतं. झुलाल आबा म्हणजे साधं माणूस नव्हे. दोंडाईच्याच्या एका पत्र्याच्या खोलीतून त्यांनी केबलचा धंदा उभा केला, खांबावर चढून स्वतः तार ओढली, साठी उलटून गेली तरी अजून चढतात, खाली उभ्या असलेल्या पोरांना शिव्या घालतात. मयुरीला त्यांनी कधी वाईट शब्दानं बोललेलं नाही. पण त्यांच्या समोर घरातला प्रत्येक माणूस आवाज थोडा खाली घेतो, आणि स्वप्नील, मयुरीचा नवरा, तर पार मूग गिळून बसतो. लग्न झालं तेव्हा तिला ते आवडलं होतं, बापाचा मान ठेवतो म्हणून. नंतर तिच्या लक्षात आलं की सात वर्षांत तिनं त्याला एकदाही आबांना 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. एकदाही नाही. जेवणाच्या वेळी तिनं सगळं सांगितलं. आबांनी भाकरीचा तुकडा शेवभाजीत बुडवला, तोंडात घातला, आणि सावकाश चावला.

"कागद नही म्हने," ते हसून म्हणाले. "अरे बठ्ठी पंगत साक्षी शे! शाल पांघराडी, नारय दिधं, आखो कसाना कागद?"

"ते त्यांना चालत नाही, आबा. कायद्याचा कागद लागतो."

"मंग कागद करू. तू काबरं घाबरस?"

मयुरीनं मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं. सरळ मार्ग आहे. बंद पडलेली कंपनी कोर्टात अर्ज करून परत जिवंत करता येते, अर्ज भागधारकानं करायचा असतो, आणि कंपनी काढली तेव्हा नानांनी दुसरी भागधारक म्हणून तिचंच नाव घातलं होतं. ती अर्ज करील. काही महिने जातील. पत्ते तोवर जळगावच्याच नावावर राहतील, मग खरंखुरं विलीनीकरण करू, रीतसर. बोलता बोलता तिलाच ऐकू येत होतं की हे या स्वयंपाकघरात कसं वाजतंय. कुंदाबाईंचा, सासूबाईंचा, वाढता हात थांबला होता. स्वप्नील ताटाकडे पाहत होता.

"म्हंजे दिधेल वस्तू परत लई जावानी," आबा म्हणाले. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "व्याहीसनी बठ्ठा गावसमोर दिधी, ती परत त्यासना नाववर. आनि मी धुळामा तोंड काय दखाडू? लेक दिधी, ती बी परत लई जातीन का मंग व्याही?"

तिला वाटलं होतं की स्वप्नील निदान घसा खाकरील. त्यानं पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायला, ठेवला. आबा हात धुवायला उठले आणि मोरीतून म्हणाले, "तारीख तूच सांगी ना त्या बाईले? मंग त्याच तारखेना कागद व्हई. प्रेमराजले सांगस मी." बरोबर होतं त्यांचं. तारीख तिनंच सांगितली होती. तिनं त्या वेळी नुसतं "माहीत नाही, पाहून सांगते" म्हटलं असतं, तर ह्या खोटेपणाला उभं राहायला जागासुद्धा मिळाली नसती. जागा तिनं झाडून, सडा घालून दिली होती.

प्रेमराज वकील आबांचा शाळासोबती. त्याच्याकडे जुन्या सालाचा कोरा स्टॅम्प पेपर असतो, कसा असतो ते विचारायचं नाही. त्यानं मोठ्या हौसेनं मजकूर केला: जळगावच्या कंपनीनं आपली यंत्रं, गिऱ्हाइकं आणि पत्ते धुळ्याच्या कंपनीला सोपवले. मोठी चलाख गोष्ट होती ती, हे मयुरीला कबूल करावं लागलं. त्या लग्नाच्या दिवशी नानांची कंपनी जिवंत होती, तेव्हा त्या तारखेची सही चालण्यासारखी. आजच्या तारखेची सही म्हणजे मेलेल्याची सही, तिला काडीची किंमत नाही. सगळं त्या एका तारखेवर उभं होतं. तारखेची जागा प्रेमराजनं मुद्दाम कोरी ठेवली. "व्याह्यांच्याच हातानं टाकून घ्या," तो म्हणाला, "हाताचं अक्षर पाहिलं की कुणाला शंका येत नाही." आणि मग जरा थांबून, सवयीनं, "खाली लिहिलंय बघा, वरील माहिती खरी असून खोटी ठरल्यास सही करणारा जबाबदार राहील. ते आपलं नेहमीचंच." सही करणारा म्हणजे नाना. मयुरीनं ऑफिसातल्या खुर्चीत बसल्याबसल्या ती ओळ पुन्हा वाचली.

तिला एक बाक आठवत होता. ती दुसरीत की तिसरीत असेल. नानांची नवी नवी केबल, गल्लीत त्यांचा केवढा मान. आणि कुणीतरी त्यांना नव्या सिनेमाची चोरून काढलेली कॅसेट आणून दिली, ती त्यांनी शनिवारी लावली. सगळ्या गल्लीनं पाहिली, मिटक्या मारत पाहिली. सोमवारी पोलीस आले. संध्याकाळी आई तिला घेऊन डबा द्यायला गेली. ठाण्याच्या व्हरांड्यात एका लांब बाकावर नाना बसले होते, चपला बाकाखाली काढून ठेवलेल्या, देवळात बसावं तसे. त्यांनी मयुरीकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. त्यांचा उजवा गुडघा उडत होता. ते दोन्ही हातांनी तो दाबून धरत होते आणि तो उडतच होता, जणू तो त्यांचा नव्हेच. आई म्हणत होती, "काही नाही, दंड भरला की सोडतात," आणि तसंच झालं, रात्रीच्या जेवणाला नाना घरी होते. पण मयुरीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की बाप घाबरतो. त्यानंतर कित्येक वर्षं तिला ते कुणाला सांगता आलं नाही. आणि आता त्याच माणसाला ती पुन्हा कुठल्या तरी बाकावर नेऊन बसवणार होती, स्वतःच्या हातानं, डबा घेऊन नव्हे तर कागद घेऊन. तो मागेपुढे पाहणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या नावानं कुणी त्याला विष पुढे केलं असतं तर त्यानं एवढंच विचारलं असतं की साखर घातली का. नानांनी नाही म्हटलं असतं तर ती सुटली असती. ते नाही म्हणणार नाहीत, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

जायच्या दिवशी सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. स्वप्नील गाडी काढत होता. कागद आबांनी स्वतः प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तिच्या हातात दिला, पाठीवर हात ठेवला. चार वर्षांची मेघा चपला घालून दाराशी तयार उभी होती, आजोळी जायचं म्हणून. तेवढ्यात कुंदाबाई म्हणाल्या, "मेघाले कसाले नेस उनमा? ऱ्हाऊ दे आठेच. सांजले तर येशात ना परत." मायेनंच म्हणाल्या. ऊन होतंच तसं. पण मयुरीच्या कानात फक्त शेवटचे शब्द राहिले. सांजले तर येशात ना परत. तो प्रश्न होता की काय होतं? तिनं सासूबाईंच्या डोळ्यांत पाहिलं, तिथं काहीच नव्हतं, रोजच्यासारख्या चुलीच्या धुरानं लालसर झालेल्या डोळ्यांशिवाय काही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. असं कसं मन झालं आपलं, ह्या बाईनं बाळंतपणात आपले पाय चेपले! तरी मेघा भोकाड पसरून रडायला लागली तेव्हा मयुरी गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली, कारण काच खाली ठेवली असती तर तिनं पोरीला उचलून घेतलं असतं आणि मग ते सगळ्यांना दिसलं असतं. काय दिसलं असतं, ते तिला सांगता आलं नसतं.

पारोळा मागे पडला. रस्ता तापून पांढरा झाला होता, दोन्ही बाजूंना कापसाची उघडी काळी रानं. स्वप्नील एका हातानं गाडी चालवत होता; त्याच्या बोटांना इंटरनेटच्या काचेच्या तारा जोडून जोडून बारीक चिरा पडलेल्या, त्या ती कितीदा तरी रात्री खोबरेल लावून चोळून द्यायची. या बोटांची तिला ओळख होती. ह्या माणसाची होती का? लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला पांझरेच्या काठी फिरायला न्यायचा आणि आबांचा फोन आला की उभा राहून बोलायचा, बसला असेल तर उठून. तिला हसू यायचं. एकदा तिनं विचारलं होतं, आबांनी मला सोड म्हटलं तर? तो इतका घाबरला, इतका खरोखर घाबरला, की तिनंच त्याची समजूत काढली, अहो गंमत केली. त्याला कशाची भीती वाटली होती ते तिनं तेव्हा विचारलं नाही. तिला सोडण्याची की आबांना उत्तर देण्याची? एरंडोलला चहाला थांबले तेव्हा तिनं शेवटी विचारलंच.

"तुम्हाला काय वाटतं ह्या कागदाचं?"

त्यानं बशीत चहा ओतला. "आबांना वाटतं चालेल."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्यानं बशी ओठांपर्यंत नेली. "नानांना काही झालं तर..." एवढं म्हणाला, आणि पुढचं चहाबरोबर गिळून टाकलं. मयुरीला संताप आला, आणि संतापापेक्षा दया आली, आणि दयेपेक्षा पुन्हा ती लोखंडाची चव. त्यालाही कळत होतं तर! म्हणजे गाडीत बसलेल्या दोघांनाही ठाऊक होतं की हे खोटं आहे, घरी ताट वाढणाऱ्या बाईला ठाऊक होतं, आबांना तर होतंच, आणि तरी गाडी जळगावच्या दिशेनं चालली होती, कुणी न ढकलता.

जळगावात शिरलं की डाळमिलचा तो भरडलेला, कोरडा वास नाकात जातो. लहानपणी तिला तो वास म्हणजेच हवा वाटायची. गावाबाहेरच्या त्या बैठ्या घराच्या ओट्यावर नाना वाट पाहत उभेच होते, ताजी दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा. कशाला एवढी तयारी केली? आई, लताबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मेघा कुठंय म्हणून तिनं गाडीत वाकून पाहिलं. "ऊन होतं," मयुरी म्हणाली. आईनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आत जाऊन रसाला बर्फ घालू लागली.

"झुलालभाऊंचा फोन आला होता सकाळी," नाना चष्मा पुसत म्हणाले. "म्हणाले, पोर कागद घेऊन येतेय, सही करा, आणि पोर सांगेल ती तारीख टाका. आण, कुठाय?"

"नाना, आधी वाचा."

"वाचायचं काय त्यात? तुमचंच आहे ते. मी तेव्हाच दिलंय सगळं."

"नाना, खाली लिहिलंय की खोटं निघालं तर तुम्ही जबाबदार."

"मग असू दे की!" ते हसले, आणि ते हसणं इतकं मोकळं होतं की मयुरीला ओरडावंसं वाटलं. "माझ्या पोरीचं घर ज्यानं नीट राहतं, ते खोटं कसं असेल? तू उगाच घाबरतेस. लहानपणापासून भित्री तू."

त्यांनी फोल्डरातून कागद काढला, पाटावर ठेवला, खाली बसले, आणि मयुरी पुढे काही बोलण्याच्या आत सही केली. शाळेतल्यासारखी, गोल गोल, पूर्ण नाव. तोताराम या नावातला शेवटचा म त्यांनी जरा ऐटीत ओढला. झालं. तिच्या कानात एकदम शांतता भरली, नळ बंद केल्यावर व्हावी तशी. सोफ्यावर बसलेला स्वप्नील पुढे झुकला होता. साक्षीदार म्हणून त्याची सही राहिली होती, पेन त्याच्याकडेच जायचं होतं. नानांनी पेन तसंच धरून वर पाहिलं.

"तारीख कोणती टाकू, मयू?"

तिनं तोंड उघडलं. अठरा एप्रिल. दोनच शब्द होते. हाच दिवस तिनं फोनवर कसलाही विचार न करता सांगून टाकला होता, आणि हे शब्द तर तोंडात होते, जिभेला सवयीचे होते, लग्नाच्या वाढदिवसाला प्रत्येक वर्षी केकवर असायचे. तिला मेघा आठवली, दाराशी चपला घालून उभी. कुंदाबाईंचे डोळे आठवले. आबांचा पाठीवरचा जड, कोरडा हात. हे दोन शब्द सांगितले की संध्याकाळी ती घरी, मेघा कुशीत, पत्ते जागच्या जागी, दवाखान्याचं यंत्र चालू, सगळं रोजच्यासारखं. आणि नाना कायमचे त्या बाकावर, आज नाही तर उद्या, उद्या नाही तर दहा वर्षांनी, कुणीतरी विचारायला येईपर्यंत. पाटाशी मांडी घालून बसलेला हा माणूस तिच्याकडे शाळकरी पोरानं बाईंकडे बघावं तसा बघत होता. सांग ना, सांगशील ते लिहितो.

"आजची," मयुरी म्हणाली.

"आजची?" नानांच्या कपाळाला आठी पडली. "झुलालभाऊ तर..."

"आजचीच टाका, नाना. तुम्ही आज सही केलीत ना? मग आजची."

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि सावकाश, मराठी आकड्यांत, तारीख घातली. शाई जुन्या कागदावर जराशी पसरली. झालं, तो कागद रद्दी झाला. ते नानांना कळलं नाही, त्यांनी तो वाळायला फुंकर घातली. पण स्वप्नीलला कळलं. तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता की मयुरीनं मान खाली घातली. तो ओट्यावर गेला, आणि फोन लावल्याचा आवाज आला. गेला. आबांना सांगायला गेला. याच्याशिवाय तो दुसरं काय करणार होता, सात वर्षांत त्यानं दुसरं काय केलं होतं? तिनं मनातल्या मनात धुळ्याच्या घराच्या पायऱ्या चढायला सुरुवातही केली, आतून कडी लावलेली, मेघाचं रडणं कडीपलीकडून येणारं.

"हां आबा," बाहेरून आवाज आला. "हां, व्हयनी सही... नही. ती तारीख नही. आजनी टाकी शे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मयुरीनं डोळे मिटले.

"ती नही, आबा," स्वप्नील म्हणाला. आवाज चिरकला, त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "मयुरीनी नही. मीच सांगी तारीख."

मग फोनमधून आबांचा आवाज घरात ऐकू येऊ लागला. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज, चढत चाललेला. आई रसाचं पातेलं घेऊन दाराशी येऊन थबकली. नाना कागद हातात धरून एकदा मुलीकडे, एकदा दाराकडे बघत होते. मयुरी उठली आणि ओट्यावर गेली. स्वप्नील भर उन्हात भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं फोन कानापासून लांब धरला होता, पण बंद केला नव्हता, आणि त्याचे दोन्ही पाय थरथरत होते. पोटातली भीती तसूभरही कमी झाली नव्हती, उलट आता त्याची भीतीही तिला जाणवत होती. तिनं हात पुढे केला.

"द्या इकडे," ती म्हणाली.